ट्रंकेतला कॅमेरा विकण्यापूर्वी

गेल्या मे महिन्यात कोकणातून वन्संचा फोन आला. यंदा आंबा कसा आहे, पाणी किती दिवसांनी येतं, अशा इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. आणि फोन ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, “अगं, शहरातून एक माणूस आलाय. ह्यांच्या स्टुडिओतली ट्रंक मागतोय. सगळ्याचे मिळून आठ हजार देतो म्हणतो, अगदी रोख. देऊन टाकू का?”

वन्संचे यजमान तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ चालवत. लग्नं, मुंजी, शाळेचे ग्रुप फोटो, पासपोर्टचे फोटो, सगळं गाव त्यांच्याकडे. पुढे डिजिटल कॅमेरे आले, मग घरोघरी मोबाइल आले आणि एक दिवस स्टुडिओची पाटी उतरली. सहा वर्षांपूर्वी ते गेले. वन्संना पेन्शन नाही. मुलगा परगावी, त्याचा संसार जेमतेम. त्यात गुडघ्याचं ऑपरेशन डॉक्टरांनी सांगितलेलं. तेव्हा आठ हजार ही रक्कम त्यांच्या दृष्टीनं काही लहान नव्हती.

मी म्हटलं, “वन्सं, आठ दिवस थांबा. त्याला नाही म्हणू नका, हो पण म्हणू नका. मी येते.”

खरं सांगायचं तर मलाही त्यातलं फारसं कळत नव्हतं. पण दोन वर्षांपूर्वी आमच्याच इमारतीतल्या एका काकूंनी दिवाळीच्या साफसफाईत यजमानांचा कॅमेरा रद्दीवाल्याला दीडशे रुपयांत दिला होता. पुढे कुणीतरी त्याची खरी किंमत सांगितली, तेव्हापासून त्या बिचाऱ्या हळहळतायत. ते डोक्यात होतं.

मैत्रिणींनो, आपण सोनं मोडायला जातो तेव्हा किती सावध असतो! पेपरात भाव बघतो, घरी वजन करून जातो, दोन सराफांकडे विचारतो, घट किती धरली ते डोळ्यांत तेल घालून पाहतो. मग कपाटातला कॅमेराच तेवढा डोळे मिटून का द्यायचा? फरक एवढाच, की कॅमेऱ्याचा भाव पेपरात येत नाही. तो आपला आपण काढावा लागतो. तो कसा काढायचा, ते या खटाटोपात मी शिकले. तेच आज सांगते.

फिल्मच्या कॅमेऱ्याला आता विचारतं कोण?

हा प्रश्न वन्संनी पहिल्याच दिवशी विचारला. विचारणारे आहेत, आणि ते बहुतेक कॉलेजातले आहेत! ज्यांनी लहानपणी फिल्मचा रोल पाहिलाही नाही, अशा मुलामुलींना आता तेच हवंसं वाटू लागलंय. कोडॅक कंपनीनं २०१२ साली दिवाळखोरीसाठी अर्ज केला, तेव्हा फिल्म संपली असंच सगळ्यांना वाटलं होतं. पण २०१८ मध्ये बंद झालेली एक्टाक्रोम फिल्म पुन्हा बाजारात आली, आणि २०२४ मध्ये पेंटॅक्सनं फिल्मचा नवा कोरा कॅमेरा काढला. तरी असे नवे कॅमेरे मोजकेच. त्यामुळे मागणी आहे ती जुन्यांना.

मात्र एक गैरसमज आधीच काढून टाका. जुना म्हणजे महाग, असं मुळीच नाही. कोडॅकचा ब्राउनी कॅमेरा १९०० साली अमेरिकेत एका डॉलरला निघाला. त्या जातीचे डबा कॅमेरे पुढे इतके बनले, की वयानं पणजोबा असले तरी त्यांना फारसे पैसे येत नाहीत. आपल्याकडे घरोघरी असलेला अॅग्फाचा क्लिक थ्री, नाहीतर नंतरचे प्लॅस्टिकचे हॉटशॉट, यांचंही तसंच. आठवणींना मोल फार, बाजारात मोल थोडं. उलट १९८२ ते २००१ या काळात बनलेला निकॉनचा एफएम टू त्या मानानं तरुण, पण त्याला आजही चांगली किंमत आहे. किंमत ठरते ती तीन गोष्टींवर: कोणतं मॉडेल, किती चालू स्थितीत, आणि आज ते वापरता येतं का.

ट्रंकेत काय काय होतं

मी गेले त्या दिवशी दुपारी आम्ही दोघींनी ओटीवर चादर पसरली आणि ट्रंक उघडली. पहिलं काम केलं ते यादीचं. तुम्हीही हेच करा. वही घ्या आणि प्रत्येक वस्तूवर जे जे कोरलेलं दिसेल ते जसंच्या तसं उतरवा: नाव, मॉडेल, नंबर, भिंगाच्या कडेनं लिहिलेले आकडे. समजलं नाही तरी लिहा, कारण किंमत त्या आकड्यांत असते. भिंगावर नुसतं ‘५०’ आहे की ‘५०, १:१.४’ आहे, यानं भाव बदलतो.

आमच्या यादीत निघालं ते असं: निकॉन एफएम टू आणि त्याचं ५० मिलिमीटरचं भिंग, १०५ मिलिमीटरचं एक वेगळं भिंग, वरून खाली मान घालून बघायचा, दोन डोळ्यांचा याशिका मॅट १२४ जी, रशियन झेनिट, क्लिक थ्री, आणि कोपऱ्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एन्लार्जर. शिवाय टोप्या, फिल्टर, एक फ्लॅश, मूळ खोकी आणि एक पिवळं पडलेलं माहितीपुस्तक. वन्सं ती खोकी बंबात घालायला निघाल्या होत्या! खोकं, झाकण, पट्टा, माहितीपुस्तक, जुनं बिल यांतलं काहीही टाकू नका. शौकिनाला ते सगळं हवं असतं आणि तो त्याचे पैसे मोजतो.

आणि लक्षात घ्या, पुष्कळदा कॅमेऱ्याइतकीच किंमत भिंगाला असते, कधी जास्तही. कारण जुनी भिंगं आता जोडकडी लावून नव्या डिजिटल कॅमेऱ्यांवरही बसवतात. झेनिटबरोबर येणारं हेलिऑस भिंग घ्या. त्यानं काढलेल्या फोटोत मागची झाडंपानं भोवऱ्यासारखी फिरल्यागत दिसतात, आणि त्याच्यासाठी मुलं झेनिट शोधतात. १९८५ च्या जून महिन्यात नॅशनल जिऑग्राफिकच्या मुखपृष्ठावर आलेली ती हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी आठवते? ते चित्र निकॉन एफएम टू आणि १०५ मिलिमीटरचं भिंग, याच जोडीनं काढलेलं. वन्संना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “आणि ह्यांनी त्याच भिंगानं गावातल्या किती मुलींचे दाखवायचे फोटो काढले असतील!”

उघडण्यापूर्वी थांबा

यादी झाली की कॅमेरा उघडून बघायचा मोह होतो. थांबा! आधी आत रोल आहे का ते बघा. ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यावर डाव्या हाताला रोल मागे गुंडाळायची लहान मूठ असते. ती बाणाच्या दिशेनं अगदी हलक्या हातानं फिरवा. मोकळी फिरली तर बहुधा आत काही नाही. अडली, ताण जाणवला, तर आत फिल्म आहे. मग मागचं दार मुळीच उघडू नका. कॅमेऱ्याच्या तळाशी एक बारीक बटण असतं ते दाबायचं आणि मूठ फिरवत राहायची. ताण एकदम सुटला की रोल डबीत गेला असं समजा. याशिकासारख्या मोठ्या रोलच्या कॅमेऱ्यात मागे गुंडाळणं नसतं, तिथं शेवटपर्यंत पुढे फिरवत न्यायचं.

एफएम टूची मूठ मी फिरवली आणि ती अडली. वन्संकडे पाहिलं. त्या काही बोलल्या नाहीत. मी बटण दाबून रोल गुंडाळला, काढला आणि पदराच्या टोकाला बांधावा तसा जपून पर्समध्ये ठेवला. कृष्णधवल रोल होता. असे रोल वर्षानुवर्षं पडून राहिले तरी पुष्कळदा धुऊन निघतात. रंगीत रोल अधिक खराब होतात, पण तेही टाकायचे नसतात.

बॅटरीच्या उजेडात परीक्षा

आता तपासणी. यासाठी शिक्षण लागत नाही, डाळ निवडणारी नजर पुरते.

पहिलं भिंग. पुढचं-मागचं झाकण काढा, मोबाइलची बॅटरी एका बाजूनं धरा आणि दुसऱ्या बाजूनं बघा. थोडी धूळ असणारच, तिची काळजी नको. पण कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी. कोकणातली, मुंबईतली दमट हवा आणि त्यावर चामड्याचं बंद कव्हर! आपण जपून ठेवतो असं समजतो आणि त्या कव्हरातच ओल धरून बुरशी वाढते. सुरुवातीची बुरशी जाणकार मेकॅनिक साफ करू शकतो. पण ती काचेवरचा थर खाऊन बसली तर डाग कायमचा. आणि ते भिंग दुसऱ्या भिंगांशेजारी ठेवू नका, त्यांनाही लागण होऊ शकते.

दुसरं शटर. आत रोल नाही याची खात्री झाल्यावर दार उघडा, कॅमेरा भरा आणि बटण दाबा. एक सेकंदावर आकडा ठेवला तर शटरनं सेकंदभर उघडं राहायला हवं, एक हजारावर ठेवला तर डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच मिटायला हवं. जुन्या कॅमेऱ्यात तेल घट्ट होऊन संथ वेग अडकतात. शिवणयंत्र बरेच दिवस पडून राहिलं की जड चालतं ना, तसंच. अडकलं तर जोर करू नका. आणि जुना सेल्फ टायमर मुळीच ओढून बघू नका, तो अर्ध्यावर अडकला की कॅमेराच बंद.

तिसरं सेल. सेलची जागा उघडा. हिरवी-पांढरी खार दिसली तर सेल पाझरलाय. कापसाच्या काडीला थोडंसं व्हिनेगर लावून हलकेच पुसा आणि कोरडं करा. एफएम टूला दोन साधे एलआर ४४ सेल लागतात, चाळीस-पन्नास रुपयांत मिळतात. ते घातले आणि उजेड मोजणारे दिवे लागले! याशिकाला मात्र पाऱ्याचा सेल लागायचा, तो आता बनत नाही. त्यामुळे ‘मीटर बंद’ असं कुणी म्हणालं की लगेच पडतं घेऊ नका. दोष मीटरचा की सेलचा, ते मेकॅनिककडून कळतं.

चौथं म्हणजे दाराच्या कडेचा फोम. काळा, डांबरासारखा चिकट झाला असेल तर घाबरू नका. तो बदलायला फार खर्च येत नाही.

आणि एक कळकळीची विनंती. विकायचं म्हणून कॅमेरा घासूनपुसून लख्ख करू नका! पितांबरी नको, काचेचा स्प्रे नको, पदराचं टोक तर भिंगाला नकोच. मऊ, कोरड्या फडक्यानं वरची धूळ झटका, बस्स. घासलेल्या काचेवरचे ओरखडे बुरशीपेक्षा वाईट.

भाव कसा काढायचा

इथंच बहुतेकजणी फसतात. मोबाइलवर मॉडेलचं नाव टाकलं की कुणी पन्नास हजार मागितलेले दिसतात, कुणी पाच हजार. मागितलेली किंमत म्हणजे भाव नव्हे! मागायला काय, कुणीही काहीही मागेल. बघायची ती विकल्या गेलेल्या वस्तूंची किंमत. ईबेच्या परदेशी पानावर ‘विकलेल्या वस्तू’ एवढ्याच दाखवायची सोय आहे, भाचीला सांगा, ती लावून देईल. दहा-बारा किमती उतरवा, सगळ्यांत वरची आणि सगळ्यांत खालची सोडून द्या, मधल्या बघा. आणि डॉलरचे सरळ रुपये करून तोच आकडा धरून बसू नका. तिथला गिऱ्हाईक वेगळा, टपालखर्च वेगळा. आपल्याकडच्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानांत तीच वस्तू कितीला लावलीय, तेही बघा.

मग विकायचं कुठं? वाटा तीन.

दुकानदाराला दिलं तर पैसे हातात पडतात, पुढं डोकेदुखी नाही. पण तो ज्या भावानं विकेल त्याच्या साधारण निम्मेच देईल. यात लबाडी नाही हो! त्याला दुरुस्ती करायची असते, हमी द्यायची असते, जागेचं भाडं असतं. मात्र एका दुकानावर थांबू नका, तीन ठिकाणी विचारा. मुंबईत फोर्ट भागात कॅमेऱ्यांची दुकानं नि दुरुस्तीवाले शेजारी शेजारी सापडतात, एका दुपारीत काम होतं.

दुसरी वाट म्हणजे दुकानात विक्रीला ठेवणं. विकलं गेलं की दुकानदार आपला हिस्सा कापून पैसे देतो. जास्त मिळतात, पण वेळ लागतो. वस्तूच्या नंबरासह पोचपावती लिहून घ्यायचीच.

तिसरी वाट, थेट वापरणाऱ्याला. पैसे सगळ्यांत जास्त, कटकटही तितकीच. खिडकीशी, दिवसाच्या उजेडात, साध्या पांढऱ्या कापडावर फोटो काढा. फुलाफुलांची चादर नको. वरून, खालून, आतून, भिंगाचा जवळून, आणि दोष असेल तर त्याचाही. वर्णन सरळ लिहा: ‘घरातला कॅमेरा. शटर सर्व वेगांना चालते. मीटर चालू. भिंगात बुरशी नाही. तळाशी पोचा आहे.’ दोष आधी सांगितला की गिऱ्हाईक विश्वासानं पैसे देतो. लपवला की तो वस्तू हातात घेऊन निम्म्यावर येतो.

पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार या जागा घेणाऱ्याच्या, विकणाऱ्या बाईच्या नव्हेत, असं माझं मत.

फसू नये म्हणून

पैसे *घेण्यासाठी* मोबाइलवर पिन टाकावा लागत नाही, की चौकोनी कोड स्कॅन करावा लागत नाही. कुणी तसं सांगितलं तर फोन बंद करा. अनोळखी माणसाला घरी बोलावू नका. बँकेत किंवा गजबजलेल्या ठिकाणी भेटा, बरोबर कुणीतरी असू द्या. पैसे खात्यात जमा झालेले स्वतः पाहा, त्यानं दाखवलेल्या मेसेजवर जाऊ नका.

घरात ‘लायका’ निघाला तर उडी मारण्यापूर्वी जाणकाराला दाखवा. रशियन फेड आणि झॉर्की कॅमेऱ्यांवर लायकाचं नाव कोरून, सोनेरी मुलामा देऊन केलेल्या नकला जगभर फिरतात. खरा असेल तर मात्र घाई मुळीच नको. आणि वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर ती परदेशी पाठवण्यापूर्वी चौकशी करा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षांपलीकडच्या वस्तू परस्पर बाहेर पाठवता येत नाहीत.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे गठ्ठ्यानं देऊ नका. “सगळं मिळून इतके” म्हणणाऱ्याची नजर एकाच वस्तूवर असते. बाकीचं तो फुकटच नेतो.

वन्संचा हिशेब

आता तुम्ही विचाराल, शेवटी झालं काय? आमचा हिशेब सांगते. हा काही बाजारभाव नव्हे, एका घरातला अनुभव आहे.

एफएम टू आणि ५० चं भिंग आम्ही एका आर्किटेक्चर शिकणाऱ्या मुलीला थेट विकलं, एकोणीस हजारांना. १०५ चं भिंग फोर्टातल्या तिसऱ्या दुकानात दहा हजारांना गेलं. पहिल्यानं साडेसहा सांगितले होते. याशिकाच्या भिंगात बुरशी होती. दोन हजार खर्चून ती साफ करून घेतली आणि साडेसात हजार आले. झेनिटचे अडीच हजार. एन्लार्जर जड, पाठवायचा खर्चच फार. तो गावातल्याच एका चित्रकला शिक्षकांनी दीड हजारांना नेला. एकूण साडेचाळीस हजार. दुरुस्ती आणि कुरिअर वजा जाता वन्संच्या हातात अडतीस हजार शंभर रुपये पडले. ऑपरेशनचा सगळा खर्च काही त्यात भागला नाही. पण आधी भरायची रक्कम भागली, आणि ती त्यांनी मुलापुढे हात न पसरता भरली. वेळ लागला अडीच महिने.

निगेटिव्हचे डबे मात्र आम्ही कुणाला दिले नाहीत. आतल्या चांदीसाठी फिल्म विकत घेणारे असतात, पण त्या डब्यांत गावाची तीस वर्षांची लग्नं आहेत. क्लिक थ्रीही ठेवला. वन्संचे यजमान शाळेत असताना त्याच्यावरच शिकले होते.

आणि तो रोल? मुंबईला धुवायला दिला. छत्तीसपैकी अकरा चित्रं उमटली. गणपतीची आरास, दोन पासपोर्ट, शाळेचं स्नेहसंमेलन. आणि शेवटची तीन वन्संची. मागीलदारी बसून सोलं निवडताहेत, आपला फोटो निघतोय हे ठाऊकच नाही.

मी प्रती त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, “आयुष्यभर मी म्हणायची, साऱ्या गावाचे फोटो काढता, माझा एक काढाल तर शपथ!”

आठ हजारांत ट्रंक गेली असती, तर हेही त्याच्यातच गेलं असतं. म्हणून म्हणते, मैत्रिणींनो, माळ्यावर, कपाटात एखादा कॅमेरा असेल तर या रविवारी खाली काढा. विका, नाहीतर ठेवा, ती तुमची खुशी. पण काय देतोय हे कळल्याशिवाय देऊ नका. आणि दार उघडण्यापूर्वी ती लहान मूठ तेवढी फिरवून बघा.